आईने मोकळ्या केलेल्या माशा

मुकुटबन,
पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस

आदरणीय राजदीपमामा,

सविनय जयभीम. लोहाऱ्यातली थंडी तुमच्या गुडघ्यांशी बरी वागते ना? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे (हे आपलं रिवाजापुरतं). फोनच केला असता, पण आई सारखी शेजारी असते. म्हणून हे देवीलालच्या हाती पाठवतेय, तो आज लोहाऱ्यावरूनच यवतमाळला निघालाय.

मी सुट्टीला येताना पुण्याहून बारा काचेच्या नळ्या आणल्या होत्या. त्यांत फळांवरच्या बारक्या माशा. (लग्नाकार्यात तुम्ही ‘भाची माशा मारते’ म्हणून सांगता, ते चूक आहे. मी त्या चार वर्षं जगवतेय.) त्यांच्या अळीत नसेचं टोक स्नायूला भिडतं, तिथे मण्यांसारख्या गाठी असतात. एक प्रथिन दोघांना नेमकं समोरासमोर बसवतं; पंगतीत आपल्या बेबीताई बसवतात तसं. माझ्या माशांच्या वंशात ते प्रथिन बिघडलेलं आहे. मणी कमी पडतात, आणि अळी थोडी सरपटून थांबते, कुठे निघाली होती तेच विसरल्यासारखी. तिच्याकडे बघताबघता मीही विसरते. दुपार कधी गेली कळत नाही. या वंशाची ओळख म्हणजे वर वळलेले पंख. पुण्यात ठेवलेला याच माशांचा दुसरा संच बुरशीने गेला, तेव्हा माझा सगळा प्रबंध या बारा नळ्यांतच उरला होता.

पौर्णिमेला आई विहारातून पंचशील घेऊन आली, तेव्हा मी न्हाणीत होते. बाहेर येऊन बघते तर बारा कापसाचे बोळे खाटेवर ओळीने मांडलेले आणि खिडकीच्या उन्हात माझी चार वर्षं तरंगत होती. मामा, खोटं कशाला सांगू, दृश्य फार सुंदर होतं. मी ओरडायचंच विसरले.

“म्या सोडल्या,” पांढऱ्या साडीतली आई म्हणाली. “आताच शील घेऊन आली, अन् घरात जीव कोंडलेले! काहून वं, एवढं शिकून असं करतेत का?”

नळ्यांच्या तळाशी अळ्या होत्या, त्याही तिने पपईखाली मोकळ्या केल्या (शेजारच्या कोंबड्यांनी त्या पाच मिनिटांत संपवल्या) आणि नळ्या राखेने घासून पालथ्या घातल्या. मग मी सगळं समजावलं. प्रथिन, मणी, पदवी. ऐकून झाल्यावर ती उठली आणि रिकाम्या नळ्यांना एकेक बोळा परत लावू लागली. मला रडू आलं. तेव्हापासून आम्ही दोघी पिकलेला पेरू हातात धरून घरभर फिरतोय. चौदा माशा सापडल्या, सगळ्या सरळ पंखांच्या, म्हणजे गावच्याच.

तुमची भाची,
पायल

ता.क. माशा सुटल्या त्याच दुपारी तुम्ही आमच्या खिडकीतले पेरू पिशवी भरून नेलेत. खाऊ नका. पिशवीचं तोंड बांधून ठेवा. वळलेल्या पंखांची एक नर-मादी जोडी निघाली तरी माझं भागेल.

आणखी एक. आई दोन दिवस जेवलेली नाही. “जीव सोडाले गेली अन् पोरीचं शिक्षण सोडून देल्लं,” एवढंच म्हणते. तर पत्र वाचताक्षणी तिला फोन करा आणि “ताई, माशा सापडल्या” म्हणून सांगा. पिशवी नंतर उघडा.