काढून घेतलेला फेटा

हेलिकॉप्टरवाल्या मिस्त्रीसाहेबांस,
टाकव्याच्या हौशीरामचा नमस्कार.

लेकीची पाठवणी हेलिकॉप्टरनं करायची, हा हट्ट माझाच. गावात आणखी दोघांनी केलती, मग आमी का मागं राहायचं? मांडवात तुमालाबी मानाचा फेटा बांधला.

स्नेहल आत बसली आन् तुमी म्हणाला, "आबा, तेलात धातूचा कीस आलाय. मागच्या पंख्याचा गिअर झिजलाय. बदलल्याशिवाय उडवता येणार नाही, नियमच आहे."

"वडगावपर्यंत तर जायचंय," मी म्हणालो.

तुमी लेकीला हात देऊन खाली उतरवलं. समदा गाव बघत होता. मी पुढं झालो आन् तुमच्या डोक्यावरचा फेटा काढून घेतला. तुमी मान खाली घातली, पण हेलिकॉप्टर हलू दिलं न्हाई. लेक जीपनं सासरी गेली.

दुसऱ्या दिवशी नवा गिअर घेऊन तुमी आमच्या रानात उभ्या हेलिकॉप्टरपाशी आला, तवा मी गोठ्यात लपलो. बायकोनं चहा नेला. तुमी तिला काढलेला गिअर दाखवला. ती गोठ्यात येऊन म्हणाली, "त्याचं दात तुटायला आलंत."

फेटा तसाच बांधलेला खुंटीवर हाय. घेऊन यायला तोंड न्हाई. हे पत्र धाडावं म्हटलं, तर पाकिटावर नाव काय घालू? लग्नात माइकवरून एकेका पाव्हण्याचं नाव पुकारलं. तुमचं मी इचारलंच न्हाई.

स्नेहलचा बाप,
हौशीराम