नाणी माझी आहेत

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पायाचं प्लास्टर अजून निघालं नाही, हे तुझ्या बायकोकडून कळलं. घोड्याने लाथ घातली तरी घोड्याचीच बाजू घेणारा जनावरांचा डॉक्टर जगात तू एकटाच. गप पडून राहा.

इकडे एक प्रकार झालाय. काल टपालाने जाड कागदाची निमंत्रणपत्रिका आली. नाणेसंग्राहक मंडळ एक मार्चला युरोपातल्या जुन्या चांदीच्या नाण्यांचं प्रदर्शन भरवतंय. खाली सोनेरी अक्षरांत 'कै.' लावून आमच्या ह्यांचं नाव आणि 'यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह'. प्रदर्शनानंतर नाणी मंडळाला कायमची भेट, असंही छापलंय. भेट देणारे कोण, तर आमचे चिरंजीव. मला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

अरे, ह्यांनी जन्मात एक नाणं विकत घेतलं नाही! मी दातांच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, त्या पहिल्या पगारात जुन्या बाजारातल्या बटणवाल्याच्या डब्यातून एक गिल्डर उचलला. हॉलंडचं जुनं चांदीचं नाणं. कुणीतरी कडी जोडून गळ्यात घातलेलं, कडेला त्या जोडाचा डाग अजून आहे. तिथून जे वेड लागलं ते लागलं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून कवळ्यांच्या दाढा कोरायच्या, आणि घरी येऊन तेच भिंग लावून ऑस्ट्रियाच्या महाराणीचा थालर पाहायचा. नवी साडी नको, पण फ्रान्सचं ते पाच फ्रँकचं नाणं हवं, अशी माझी तऱ्हा.

मंडळाच्या सभा संध्याकाळच्या, आणि मी तोवर लॅबमधून सुटलेली नसायचे. म्हणून नाणी घेऊन हे जायचे. बोलायला गोड. आधी 'आमच्या घरची नाणी' म्हणायचे. टाळ्या पडू लागल्या तशी ती 'माझी' झाली. मी हसून सोडून दिलं. बोलण्यात होतं तोवर खपलं, आता छापून आलेलं खपवून घेणार नाही. चिरंजिवांना फोनवर स्पष्ट सांगितलंय, नाणी मिळणार नाहीत.

तुझं मत कळव. माझ्या बाजूचं असेल तर लवकर कळव.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझी शेवटची ओळ वाचून हसलो, आणि मग घाबरलो. कारण माझं मत तुझ्या बाजूचं नाही.

भाच्याचा फोन आला होता. रडवेला झाला होता गं. म्हणाला, मामा, आई अशी हटून बसली तर लोक म्हणतील की बाबा इतकी वर्षं थापा मारत होते. पत्रिका वाटून झाल्यात, त्याचे साहेबही येणार आहेत. भावोजींना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. त्यांना किती लोक मानायचे, ते तू पाहिलंस.

आणि खरं सांगू? संग्रह तुझा आहे हे मलाही आत्ता कळलं. मला वाटायचं, छंद भावोजींचा आणि पुसापुशी तुझी. आता या वयात कशाला डोक्याला ताप करून घेतेस? पाटीवर नाव त्यांचं असलं काय, तुझं असलं काय, घर तर एकच.

भांडायचंच असेल तर माझ्याशी भांड. मी सध्या पळून जाऊ शकत नाही.

तुझ्या शिव्या खाऊन वाढलेला,
धाकटा


१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद. या वेळी अर्धेच.

पहिली गोष्ट, जुनं चांदीचं नाणं पुसत नसतात. त्यावर चढलेला काळसर निळा रंग हाच त्याचा दागिना. पुसलं की गेलं. आणि माझा सख्खा भाऊ मला नाणी पुसणारी समजत होता!

काल मंडळाचे अध्यक्ष घरी आले, बरोबर चिरंजीव. अध्यक्ष फार नम्र. म्हणाले, वहिनी, तुमच्या भावना समजतात, आम्ही खाली बारीक अक्षरांत 'पत्नीच्या सौजन्याने' असं घालू. मी म्हटलं, माझं सौजन्य संपलंय. चिरंजीव म्हणाले, आई, तू बाबांना खोटं पाडतेयस. मी त्याला सांगितलं की तुझे बाबा खोटारडे नव्हते, टाळ्यांनी भुलले होते. पण मी त्यांच्या पश्चात मुकाट बसले, तर खोटं बोलणारी मी ठरेन. त्यावर तो चहा तसाच टाकून उठला. तेव्हापासून फोन नाही.

नाणी मंडळाच्या हॉलमध्ये जाणार नाहीत. पण लोकांना नाणी दाखवायची तर मी दाखवीन. त्याच दिवशी, आमच्या लॅबच्या पुढच्या खोलीत. मालकीणबाईंनी किल्ली दिली, शिवाय दाढा कोरायच्या टेबलांवरचे दिवेही दिले. म्हणाल्या, दार उघडं ठेव, बाकीचं मी बघते.

एकटी पडले तरी चालेल. तुला कमीपणा वाटत असेल तर येऊ नकोस.

तरीही तुझीच,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हरलो. तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. तिने शांतपणे विचारलं, आपल्या दवाखान्याच्या पाटीवर उद्यापासून माझं नाव घालू का, घर तर एकच आहे. मी तिच्याकडे कागद मागितला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

यायची फार इच्छा आहे, पण डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नाहीत. काळजी एकच वाटते, त्याच दिवशी तिकडेही कार्यक्रम, तुझ्याकडे कोण फिरकणार? भाच्याला मी फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. कोणी आलं नाही तरी दिवे मालवू नकोस. पत्राची वाट पाहतोय.

आता पूर्ण तुझ्या बाजूचा,
धाकटा


२ मार्च

चि. धाकट्यास पुरते आशीर्वाद, आणि तुझ्या बायकोला त्याहून जास्त.

काल सकाळी कोणीच नव्हतं. मी, मालकीणबाई आणि फळ्यांवरचे प्लास्टरचे जबडे. ते सगळे माझ्याकडे बघून हसतायत असं वाटत होतं. मग आमच्या कवळ्या वापरणारी जुनी मंडळी एकेक करून येऊ लागली. पाठोपाठ मंडळाचे दोन सभासद आले, जरा ओशाळलेले. हॉलमध्ये ह्यांचा फोटो आणि रिकामी कपाटं एवढंच आहे, म्हणाले.

दाराशी मी पाटी लावली होती. वर माझं नाव, पुढे 'संग्राहक'. खाली ह्यांचं नाव, आणि पुढे 'सूचीपुस्तकं मोठ्याने वाचून दाखवणारे'. कारण ते खरं होतं. मी भिंग लावून बसले की हे शेजारी बसून नाण्यांची जाडजूड सूची वाचायचे, परदेशी राजांच्या नावांचा पार भुगा करायचे, आणि मी हसले की मुद्दाम आणखी चुकवायचे. ते श्रेय त्यांचंच. त्यालाही मी कुणाला हात लावू देणार नाही.

दुपारी चिरंजीव आले. हॉलमधून चालत आले असावेत, शर्ट घामाने भिजलेला. पाटीपुढे कितीतरी वेळ उभे. आत येऊन माझ्याकडे न बघता थालरच्या टेबलाशी थांबले. तिथे आमचे एक कवळीवाले आजोबा होते. त्यांनी त्याला विचारलं की हा एवढा संग्रह कुणाचा. खोलीत सगळ्यांनी माना वळवल्या, मंडळाच्या अध्यक्षांनीही. तेही नुकतेच दारात येऊन टेकले होते.

हा हळूच म्हणाला, माझ्या आईचा.

आजोबांना ऐकू कमी येतं. त्यांनी कानाला हात लावून पुन्हा विचारलं. आणि मग धाकट्या, आमचे चिरंजीव असे काही ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबून आत पाहू लागली.

अध्यक्षांना मी सांगून टाकलंय की पुढच्या सभेला नाणी घेऊन मीच येणार, आणि बोलणारही मीच. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. पण 'माझी' हा शब्द बराच वेळा येईल.

पाय बरा कर आणि ये. लोभ आहे तेवढा पुरत नाही, वाढव. नाही वाढवलास तर तिकडे येऊन वाढवून घेईन.

तुझी ताई