व्हर्नेलमावशीची जागा

टोलेडो,
१९ एप्रिल

लाडक्या डेलियास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नोकरीचं कळल्यावर तुझी आई फोनवर रडली, मग चर्चमध्ये ज्याला त्याला सांगत सुटली. माझे गुडघे आता बरे आहेत.

'मावशी, आता आपण दोघी एकाच शाळेत,' असं तू लिहिलंस. ते वाचून पत्र मिटून ठेवलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

टाइरीस आठवतो? ट्रेनिंगला माझ्या हाताखाली होता. गणितात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नोकरीत कायम झाला आणि कॅन्टीनची, बसची राखण त्याच्या गळ्यात पडली. कुठल्याही वर्गातून हाकललेली आपली काळी मुलं त्याच्याकडे, नाहीतर माझ्याकडे. "तुमचं ऐकतात हो ती," हेडबाई म्हणायच्या. मग एका गोऱ्या आईने तक्रार केली, की त्याच्या आवाजाची तिच्या मुलीला भीती वाटते. हेडबाईंनी त्याला सांगितलं, "जरा हसून बोलत जा." मी जाऊन भांडले. "तुम्ही आहात ना त्याला सांभाळायला," एवढंच उत्तर मिळालं.

मी तरी त्याला काय सांगत होते? कुठे गप्प बसायचं, काय मनावर घ्यायचं नाही. जानेवारीत नोकरी सोडून तो सामान गाडीत भरत होता, तेव्हा मी बाहेर गेले. म्हणाला, "बाई, टिकायचं कसं ते तुम्ही शिकवलंत. कशासाठी, ते राहिलंच." आता फोनच्या दुकानात असतो.

तो गेल्यावर त्याच्या वाटची मुलंही माझ्याकडे यायला लागली. रसायनशास्त्राचा एक तास धड होईना. मार्चमध्ये मी राजीनामा दिला; वर्ष संपेपर्यंत तेवढी शिकवणार. हेडबाईंनी कारण विचारलं नाही. निरोपाला केक कुठला आणायचा, ते विचारलं.

तुला मिळालीय ती जागा माझी आहे, पोरी. त्यांनी तुला सांगितलं नसणार. मीही तुझ्या आईपाशी बोलले नव्हते.

'येऊ नकोस' असं लिहिलं आणि खोडलं. 'ये' असं लिहायला हात उचलत नाही. काल वर्गातल्या निआने विचारलं, "नवीन बाई आपल्यातली आहे का?"
"हो."
"राहील ना पण?"
मी फळा पुसत राहिले.

तू येशील, तुला ओळखते मी. पण तिथे दार लावून रडावंसं वाटलं, तर शेजारच्या खोलीत कोणी नसेल.

तुझी,
ज्या शाळेत तू येतेस तिथे नसलेली,
मावशी