‘ती चालवून घेते’ म्हणालास, दादा?

प्रिय दादा,

तुझी रायफल मी विकली.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही. हे पत्र तुला मिळणार नाही, कळतं मला. पण परवा शनिवारी मिसेस प्रॉसरच्या फार्मवर मी नव्या रायफलने पहिलं हरीण पाडलं आणि सवयीने तुला सांगायला मागे वळले. मागे कोण असणार? तेव्हापासून डोकं तापलंय. दोन दिवस हॉस्पिटलच्या फार्मसीत औषधं भरताना मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. काल एका बाईंना लेबल चुकीचं लावणार होते. म्हटलं, पुरे. कागदावरच भांडू.

नऊ महिने झाले, सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत. इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत तर तुला देवमाणूस करून टाकलं. देवमाणूस! तीन आठवडे छातीत दुखत असताना बायकोला ‘ॲसिडिटी आहे गं’ म्हणून सांगणारा भूलतज्ज्ञ? रोज ऑपरेशनआधी पेशंटच्या उशाशी उभा राहून विचारायचास ना, ‘जिना चढताना दम लागतो का? छातीत दुखतं का?’ मग एकदा स्वतःला विचारायला काय झालं होतं रे?

आणि फेब्रुवारीतल्या त्या सकाळी एकटाच शिकारीला गेलास. आवाज नको म्हणून फोन गाडीत ठेवलास. अकरा वाजले तरी तुझी गाडी गेटपाशीच बघून मिसेस प्रॉसर शोधायला निघाल्या. सत्तरीच्या बाई, गुडघे दुखतात, तरी वरच्या रानापर्यंत चढल्या. तू ओकच्या झाडाला टेकून बसला होतास. त्यांनी स्वतःचा कोट काढून तुझ्या अंगावर घातला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तशाच थंडीत शेजारी बसून राहिल्या.

रायफल तुझ्या बाजूला होती. गोळ्या काढलेल्या, बोल्ट उघडा. सगळे म्हणाले, बघा, शेवटपर्यंत किती जबाबदार! मला मात्र त्यात दुसरंच दिसलं. गोळ्या काढायला तुला वेळ मिळाला होता. म्हणजे तुला कळत होतं. म्हणजे त्याआधीही कळत असणार!

असो. रायफलचं सांगायचंय.

पोलिसांनी ती ताब्यात घेतली. माझ्याही परवान्यावर होती, म्हणून महिन्याभराने मलाच परत दिली. मग सुरू झालं. आई म्हणाली, “ठेव गं, त्याची आठवण आहे.” लेस्टरहून काकांचा फोन, “भावाचं शस्त्र आहे, विकायबिकायचं नाही हं. खंडेनवमीला फूल वाहायचं.” मानसी वहिनीने तेवढा निर्णय माझ्यावर सोडला. आणि एकानेही, अगदी एकानेही विचारलं नाही की शरू, ती तुला जमते का?

नव्हती जमत. कधीच जमली नव्हती. मी डावखुरी आहे, दादा! नेम डाव्या डोळ्याने, चाप डाव्या हाताने. आणि तुझ्या रायफलचा गोळी भरायचा बोल्ट उजवीकडे. एक गोळी सुटली की दुसरी भरायला मला डावा हात रायफलवरून पलीकडे न्यावा लागायचा. गाल उचलला जायचा, दुर्बिणीतलं हरीण निसटायचं, रिकामं काडतूस नाकासमोरून उडायचं. दस्त्याचा गालाकडचा उंचवटा तुझ्या गालासाठी. लांबी तुझ्या हातांची. तू सहा फूट, मी पाच-दोन.

तरी मी यायचे. का यायचे, तुला माहीत आहे. माझा घटस्फोट झाला त्या हिवाळ्यात कामावरून आलं की फ्लॅटचे पडदे लावून मी पडून राहायचे. तू दीड तास गाडी चालवून कार्डिफला आलास, माझे बूट दाराशी आणून ठेवलेस आणि म्हणालास, “चल. काही करू नकोस, नुसती माझ्या मागून चाल.” मी चालले. वर्षभर नुसती चालले. मग शिकारीची परीक्षा दिली, परवाना काढला. मिसेस प्रॉसरच्या नव्या रोपांची साल फॅलो हरणं खाऊन टाकायची, त्यांना आपली गरज होती. मला ते दवात भिजलेलं गवत हवं होतं, तुझी पाठ समोर हवी होती. हे सगळं तू मला दिलंस. म्हणून तर जास्त राग येतो!

दरवर्षी मी म्हणायचे, “दादा, मला एक डावी रायफल बघू या ना.”

“बघू. डाव्या महाग असतात.”

“सेकंड हँड?”

“मिळत नाहीत. आणि एक आहे की घरात. दोघांत एक पुरे.”

आणि त्या हरिणीचं काय? तीन वर्षं होत आली. डिसेंबर होता, पाऊस नुकता थांबलेला. माझी गोळी किंचित मागे लागली. चूक माझीच, ती मी कबूल करते. पण ती उभी होती, दादा! चांगली दोन-तीन सेकंद उभी होती. दुसरी गोळी तेवढ्यात गेली असती तर तिथेच संपलं असतं. माझा हात बोल्टवर पोचेपर्यंत ती वाळलेल्या नेच्यांत घुसली. शेजारच्या फार्मवरून कुत्रा मागवला आपण. अडीच तास! सापडली तेव्हा मान वर करून आपल्याकडे बघत होती. तिचं शेवटचं तू केलंस, माझे हात चालत नव्हते.

गाडीत बसल्यावर काय म्हणालास, आठवतं? “तुझा हात हळू आहे, शरू. प्रॅक्टिस कर.”

केली. अख्खा उन्हाळा केली. रिकाम्या रायफलवर, तुझ्या गॅरेजमध्ये, मनगट सुजेपर्यंत. मला वाटलं, माझ्यातच खोट आहे. लहानपणापासून ऐकलेलंच होतं ते, चमचा या हातात नको, पेन त्या हातात धर. फक्त तुझ्याकडून ऐकलं नव्हतं. गणपतीत आरतीनंतर त्या जाड्या काकूंनी माझ्या डाव्या हातावर चापट मारली, “उजवा हात पुढे कर!” तेव्हा दहा वर्षांचा तू मध्ये येऊन उभा राहिलास. “काकू, तिचा उजवा हात डावीकडे आहे,” म्हणालास. सगळा हॉल हसला होता. मी नाही हसले. मला ते खरंच वाटलं होतं, कितीतरी वर्षं. तो मुलगा कुठे गेला रे, दादा?

सप्टेंबरमध्ये शेवटी मी मिस्टर पॉवेलच्या बंदुकांच्या दुकानात गेले. त्याआधी महिनाभर घरी बसून शोधलं होतं. डाव्या बोल्टच्या रायफली बनतात, पण मोजक्याच. एखाद्या कंपनीची दहा मॉडेलं असली तर त्यातलं एक डाव्या हाताचं, तेही एक-दोन कॅलिबरमध्ये. नवी मागवली तर थांबा महिनोन्‌महिने. माझ्या पगारात बसणारी एक नवी होती, प्लॅस्टिकच्या दस्त्याची, हलकी. तीच घ्यायची ठरवून गेले होते.

पॉवेल म्हणजे तुला माहीतच आहेत, ऐंशीला टेकलेले, शब्द मोजून बोलणारे. माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “हलकी रायफल खांद्यावर बरी वाटते, पण धक्का जास्त देते. तुम्ही बारीक आहात, मग धक्क्याला भ्यायला लागाल आणि नेम जाईल. स्वस्त घ्यायला हरकत नाही. आधी अंगाला बसते का ते बघा. दुर्बीण चांगली आहे ना तुमच्याकडे? मग तीच वापरा, त्यात काटकसर करू नका.”

मग आतून एक घेऊन आले. जुनी, अक्रोडी लाकडाची, दस्त्यावर लांब ओरखडा. कोणा डावखुऱ्या आजोबांची, आता त्यांच्याने डोंगर चढवत नाही. दस्ता कधीतरी कापून आखूड केलेला, वर पाहण्यापुरती बसवलेली दुकानातली दुर्बीण. पॉवेल म्हणाले, “डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा.”

उघडले. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दुर्बिणीच्या बरोबर मधोमध. मान वाकडी नाही, गाल उचललेला नाही. बोल्ट ओढला, डाव्या हाताने, जागच्या जागी. घड्याळ हललंसुद्धा नाही.

इतकं सोपं असतं हे? तुम्हा सगळ्यांना इतकं सोपं असतं?

डोळे पुसत मी ती खाली ठेवली. आणि पॉवेल, बिचारे, मला बरं वाटावं म्हणून बोलून गेले, “तुमच्या भावाच्या सांगण्यावरूनही मी अशीच एक बाजूला ठेवली होती. डाव्या हाताची. तुमच्यासाठीच विचारायला आले होते ते, त्या जखमी हरणानंतर. महिनाभर ठेवली. मग त्यांचा फोन आला, नको म्हणाले. ती चालवून घेते, म्हणाले.”

मी ‘थँक यू’ म्हटलं. बाहेर येऊन गाडीत बसले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी बुक्क्या मारल्या. हॉर्न वाजला. रस्त्यावरचा एक माणूस दचकला, त्याला हात करून सॉरी म्हटलं.

चालवून घेते! दादा, तू माझं मनगट सुजलेलं बघितलं होतंस! तू आयोडेक्स आणून दिलंस! म्हणजे तुला पटलं होतं की खोट माझ्या हातात नाही, म्हणून तर दुकानात गेलास. मग परत का आलास? पैशांसाठी नाही, एवढं मला कळतं. माझी स्वतःची झाली असती तर मी एकटी जाईन असं वाटलं? की कबूल करावं लागलं असतं, त्या दिवशी गाडीत तू चुकीचं बोललास म्हणून? सांग ना! कोणाला विचारू मी हे आता?

तर, विकली. पॉवेलनाच दिली आणि ती अक्रोडी घेतली. दुर्बीण आणि सायलेन्सर काढून घेतला, दोन्ही नव्या रायफलीला बसले. पोलिसांकडून परवान्यात बदल होऊन आला. काका अजून फोनवर नीट बोलत नाहीत. आईने मात्र एवढंच विचारलं, “आता तुझा हात दुखत नाही ना?” म्हणजे तिलाही माहीत होतं बघ. सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी निघताना मिसेस प्रॉसरना सांगून गेले, कुठल्या बाजूला जातेय, किती वाजता येईन. फोन खिशात ठेवला. खालच्या ओढ्याच्या काठी एक हरिणी कळपापासून जरा अलग उभी होती. गोळी लागली आणि ती जागेवर बसली. बोल्ट आपोआप मागेपुढे झाला, डोळा दुर्बिणीवरून हललाच नाही, दुसरी गोळी तयार होती. तिची गरज लागली नाही. मी पाच मिनिटं तशीच पडून राहिले. मग जवळ जाऊन, जीव गेलाय ना म्हणून, तिच्या डोळ्याला काडी लावून बघितली, तू शिकवलंस तशी.

आणि मग मी वळले. तिथून वरचा उतार दिसतो.

म्हणून आता ते लिहावंच लागेल. आतापर्यंत टाळलं.

जानेवारीचा शेवटचा शनिवार. त्या उतारावर तू तीनदा थांबलास. गवतावर बर्फाचे कण होते आणि तुझ्या कपाळावर घाम. फाटकाला धरून उभा होतास.

“दादा, काय होतंय?”

“काही नाही. मानसीला बोलू नकोस हं. ती मला उद्याच हॉस्पिटलात नेऊन बसवेल.”

आणि मी, रोज हृदयाची औषधं देणारी, काय म्हणाले? “बरं.” इतकंच. बरं! तू सांगितलंस म्हणून. तुझं सगळं ऐकायची सवय म्हणून. त्या दिवशी तुझ्या हातून गाडीची किल्ली हिसकावून घेतली असती तर? तुला खरोखर हॉस्पिटलात नेऊन बसवलं असतं तर? तू माझ्याकडून वचन घेतलंस आणि मग मरून गेलास! हे वचन आता मी कुठे ठेवू?

शोकसभेनंतर वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “शरू, तुला कधी काही जाणवलं होतं का गं?” मी नाही म्हटलं. तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं. ती अजून रात्रंदिवस स्वतःलाच दोष देतेय, की मला ॲसिडिटी खरी कशी वाटली म्हणून.

दादा, तुझं ते वचन मी मोडणार आहे. या रविवारी वहिनी माझ्याकडे जेवायला येतेय. तिला मी सगळं सांगेन. उतार, फाटक, घाम, माझं ‘बरं’. जेवणानंतर नाही, आधी सांगेन. उठून गेली तर अडवणार नाही. कदाचित पुन्हा कधी बोलणार नाही माझ्याशी, तेही सोसेन. पण तुझ्या जाण्याचं ओझं ती एकटी वाहतेय, ते मी तिला रविवारनंतर एक दिवसही एकटीला वाहू देणार नाही. हा माझा शब्द. आणि हा मी पाळेन.

तुझ्यावर फार फार रागावलेली,
शरू