रविवारचा आकडा

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

दर रविवारी तू व्हिडिओ कॉलवर माझं बीपी बघतेस. आकडा चढा दिसला की फोन ठेवेपर्यंत माझी हजेरी घेतेस. म्हणून तुझ्या फोनच्या आधी मी एक गोळी जादा घ्यायला लागलो. आकडा शहाण्यासारखा वागायचा.

गेल्या रविवारी फोन ठेवून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा मी फरशीवर होतो आणि तुझी आई तोंडावर पाणी मारत होती. डॉक्टर म्हणाले, "काका, मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालीय. त्यात तुम्ही प्रेशर असं पाडलंत, तर मेंदूला रक्त पोचणार कसं?" आता गोळी ठरलेली तेवढीच, सिगारेट बंद, आणि उठण्याआधी पलंगाच्या कडेला जरा बसायचं.

आकडा चांगला आला की तू तुझ्याबद्दल बोलतेस. त्या दिवशी बाल्कनीतलं लिंबाचं रोप दाखवलंस. हे पत्र वाचलंस तर पुन्हा गोळ्यांवरच बोलशील, म्हणून ते बीपीच्या मशीनच्या खोक्यात ठेवतोय.

या रविवारी मी आधी रोपाचं विचारणार आहे. पट्टा नंतर बांधेन.

तुझा,
बाबा