पट्टीखालचं बटण

फुकुओका,
१९ ऑगस्ट

प्रिय नात्सुहो,

तू गेल्यापासून शेजारची खुर्ची रिकामीच आहे. कुरोकी साहेब तिथे कुणाला बसवत नाहीत आणि मीही तिच्यावर पिशवी ठेवत नाही. आईची तब्येत कशी आहे? तुमच्या हितोयोशी गावाला उकाडा इथल्यापेक्षा जास्तच असेल.

बोटीच्या तिकिटांची ती वेबसाइट अकरा वर्षं मी हातानं तपासली. काही बदललं की तीन दिवस तेच. नाव भर, तारीख निवड, बटण दाब, पडद्याचं चित्र काढ, एक्सेलमध्ये चिकटव. काम कंटाळवाणं होतं, पण माझं होतं. "तोमोएनं बघितलंय ना? मग सोडा," असं लोक म्हणायचे. त्या 'मग सोडा'वर मी अकरा वर्षं काढली गं.

मग तू आलीस, आणि दोन महिन्यांत तुझा प्रोग्राम तयार झाला. त्या दुपारी सगळे तुझ्या पाठीमागे गोळा झाले. ब्राउझर आपोआप उघडला, रकान्यांत नावं उमटली, पानं पटापट पुढे सरकली. चौदा मिनिटांत माझे तीन दिवस संपले. खाली ओळीनं हिरव्या खुणा. कुरोकी साहेब म्हणाले, "तोमोए, आता तू निवांत चहा पी!" सगळे हसले, मीही हसले. नंतर हात धुण्याच्या निमित्तानं नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

तू वाईट असतीस तर सोपं गेलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी तू खुर्ची ओढून माझ्याजवळ आलीस. "तोमोएताई, कुठे काय बिघडतं ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही सांगा, मी लिहिते." मला तो प्रोग्राम वाचायला शिकवलास, माझ्या चुकांना एकदाही हसली नाहीस. डब्यातली अंड्याची गोड वळकटी रोज माझ्या झाकणावर ठेवायचीस. बैठकीत साहेब तुला विचारायचे, "नात्सुहो, तुझं काय मत?" अकरा वर्षांत मला कुणी मत विचारलं नव्हतं. मी वहीत मान घालून जळत बसायचे.

ओबोनच्या सणाची तिकिटं विक्रीला सुटली त्या सकाळचं तुला नव्यानं काय सांगू! वादळाच्या सूचनेची ती नवी पट्टी फोनवर नेमकी 'निश्चित करा'च्या बटणावर येऊन बसली होती. प्रोग्रामनं तर सगळं हिरवं दाखवलं होतं. बेटावरच्या एका आजोबांचा फोन मीच घेतला. "अगं पोरी, नातवंडं यायचीत, नि इथे बटणच नाही!" असे फोन चार तास येत होते. बोटवाल्यांसमोर तू माफी मागायला कमरेत वाकलीस ती किती तरी वेळ वर आलीच नाहीस. आठवड्यात आईच्या तब्येतीचं कारण देऊन तू राजीनामा दिलास. निघताना मलाच म्हणालीस, "ताई, तुमच्या हातानं तपासलं असतं तर हे झालं नसतं."

नात्सुहो, मी तपासलं होतं. तिकिटं सुटायच्या चार दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत, सवयीनं, माझ्या फोनवर. बटण झाकलेलं दिसलं. मग तुझा प्रोग्राम उघडला, आणि ती ओळही मला वाचता आली, कारण वाचायला तूच शिकवलं होतंस: बटण झाकलेलं असलं तरी दाब. मी फोन उपडा ठेवला आणि गार झालेले नूडल्स संपवले. 'बघू दे सगळ्यांना हिच्या हिरव्या खुणा,' असंच मनात आलं होतं, दुसरं काही नाही. आज सकाळी कुरोकी साहेबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "नात्सुहोला कोण सांगणार?" म्हणून हे पत्र. ते तुला परत बोलावणार आहेत. त्यांचा फोन येण्याआधी हे तुझ्या हातात पडावं. तू ये. माझं काय करायचं ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, लगेच म्हणशील, "जाऊ द्या हो, ताई." तसं म्हणू नकोस. तेवढा मोठेपणाही तुझ्याचकडे आहे, हे मला आज सोसायचं नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
तोमोए