ताईची पांढरी सहा

३ नोव्हेंबर, सोमवार

रचना संपली. दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि ताईचा आवाज. नीताला सांगितलं तर म्हणाली, "ही कितव्यांदा संपली?" बायकोने असं विचारू नये. पण बरोबर आहे तिचं, दिवाळीआधी दोनदा संपली होती.

सगळं ताईच्या सा वर उभं आहे. पांढरी सहा. पेटीवरची सहावी पांढरी पट्टी हा तिचा सा, मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून. व्हायोलिनवाल्यांची ती ए ची तार. मोकळी तार वाजली की वाद्याचं सगळं लाकूड बोलतं, आणि त्यावर ताई. इतकी वर्षं हेच लिहायचं होतं. शेवटाकडे तार सप्तकातला गंधार, लांब, एकटा. चौघे थांबतात, ती थांबत नाही.

कार्यक्रम १४ डिसेंबरला. खाली रस्ता पुन्हा खणतायत. गिरगावात राहून संगीत लिहायचं म्हणजे...

४ नोव्हें., मंगळवार

दादरला ताईकडे. मंगळवार म्हणजे मोहनदा. काळाचौकीहून येतो, ताई स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत पेटी उघडून, मशीनचा तंबोरा लावून तयार. तिच्या साथीला बसतो त्याला तीसेक वर्षं झाली असतील. भजनातला हात, पण ताईच्या मागे कसा मऊ होतो.

गंधार असा लागला की माझ्या अंगावर काटा. मोहनदाने मान हलवली, "बेस!" ताई मला म्हणे, "तुझ्या त्या चांडाळचौकडीला सांग, मी कागदात बघून गाणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघायचं." चौसष्टाव्या वर्षी तोरा बघा.

८ नोव्हें., शनिवार

पहिली तालीम. परळला शाळेचा हॉल, चेलोवाल्या फ्रेडीच्या ओळखीने मिळालेला. पेटी नाही, मोहनदा नाही, फक्त चौघे आणि ताई.

वाईट झालं. मधल्या सप्तकातच ताण दिसत होता. तार षड्जावर मान वर गेली, आणि गंधाराला आवाज फाटला. पुन्हा केलं. पुन्हा फाटला. ताईने पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "यांच्या वाद्यांची पट्टी चढी आहे." फ्रेडी चेलोवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत राहिला. टॅक्सीत ती पूर्ण वेळ बाहेर बघत होती.

९ नोव्हें.

फ्रेडीला फोन. "चढी होती का रे?" "बॉस, ए म्हणजे ए. जगात सगळीकडे तोच. टीचरना सर्दी झाली असेल." ताईला तो टीचर म्हणतो. सर्दी नव्हती.

रात्री जेवण गेलं नाही. तिचा आवाज गेला की काय? मंगळवारी तर होता! मग परळला काय होतं? हवा? भीती? माझं लिखाण?

११ नोव्हें., मंगळवार

मुद्दाम दादरला गेलो. मोबाइलवर स्वर दाखवणारं ॲप घेऊन, चोरासारखा, उशीखाली ठेवून बसलो. मोहनदाची बोटं पांढरी सहावर. ताई गायली, गंधार झकास. ॲप बघितलं. ए नाही, जी. म्हणजे पांढरी पाच.

पुन्हा बघितलं. बोटं सहावर, स्वर पाचचा. मशीनचा तंबोराही पाचवरच.

स्केलचेंजर पेटी. अख्खा पट्ट्यांचा पाट बाजूला सरकतो, बोट तिथेच राहतं आणि स्वर खाली उतरतो. मला हे माहीत नाही? लहानपणापासून माहीत आहे! पण मी तिचा आवाज कुठल्या पट्टीत आहे ते मोहनदाची बोटं बघून ठरवलं. डोळ्यांनी ऐकलं. आणि म्हणे कंपोजर. धन्य आहे.

मान वर केली तर मोहनदा माझ्याकडे बघत होता. वाजवत होता आणि बघत होता.

१२ नोव्हें., बुधवार

काळाचौकीला. मोहनदा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला, जणू मी येणार हे ठाऊकच. चहा आला. मग स्वतःच बोलला.

"भावजी गेले आणि ती गाणाच सोडूक निघालली. आवाज वर जायना. मी काय केलंय, पेटी एक घर खाली सरकवलंय. आवाज सुटलो. कितक्या दिवसांनी बाय हसली. मगे परत वर न्हेवची हिंमत कोणाक?"

पांढरी सहा ते पाच दोन घरं होतात, मधे एक काळी. आणि दुसरं घर?

"ता गेल्या साली." बशीत चहा ओतत, "आवाज खंय उतरलो रे, वय चढला. तू तिका सांगू नको हां. ती गाणा बंद करतली."

मला राग आणायचा होता, आला नाही. त्याची सून भजी घेऊन आली. खाल्ली. उतरताना जिन्यात मंडळाच्या पोरांचं ढोलताशाचं काहीतरी चाललं होतं, डोकं उठलं.

१४ नोव्हें.

फ्रेडीला सांगितलं. त्याला वाटतं यात काही प्रॉब्लेमच नाही. "सगळं जी मध्ये लिही. आम्ही वाजवतो. टीचरना कुठे कळणार? सगळे खूष."

सोपं आहे. म्हणजे मीही मोहनदाच व्हायचं. फक्त पेटीऐवजी कागद सरकवायचा.

बसलो लिहायला.

१९ नोव्हें.

नुसतं खाली उतरवून भागत नाही. दोन ठिकाणी चेलोला खाली जागाच उरत नाही, तिथे नव्याने विचार. व्हायोलिनची ती वरची झळाळी गेली. त्याऐवजी जे आलंय ते तपकिरी आहे, वाईट नाही. नीता म्हणाली, "ताईंना न सांगता?" मी म्हटलं, तू झोप.

२२ नोव्हें., शनिवार

तालीम. ताई सुंदर गायली. काय सुंदर गायली! गंधारावर ती एकटी उरली तेव्हा व्हिओलावाली मुलगी गज खाली ठेवायचा विसरली.

संपल्यावर ताई सगळ्यांसमोर, "बघितलंत? वाद्यं नीट लावली की झालं. पांढरी सहा आहे माझी, अजून." फ्रेडी पाणी प्यायला गेला. मी "हो ताई" म्हणालो.

घरी आल्यावर फार वाईट वाटलं. इतकी चांगली तालीम आणि मला आनंद नाही. ज्या आवाजासाठी लिहायचं त्यालाच फसवायचं, मग मी तिच्यासाठी लिहिलं तरी काय? मी तिच्या गर्वासाठी लिहिलं. तिच्या गळ्यासाठी नाही.

२५ नोव्हें., मंगळवार

सांगितलं.

मोहनदा यायच्या आधी. ताई मटार सोलत होती. सरळ सांगितलं, आडवळण जमत नाही मला. पेटी, दोन घरं, माझं परत लिहिणं, सगळं.

"मोहनने?"
"हो."
"कधीपासून?"
"भावजी गेले तेव्हापासून."

सोलत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी ऐकूही शकत नाही." मी म्हटलं, तसं नाही ताई. "तसंच आहे. मी तंबोरा ऐकला, पेटी ऐकली आणि तुम्हा दोघांवर विश्वास ठेवला. सा कुठे आहे ते मला कळलं नाही. तू जा आता, नंदू."

खाली गेटपाशी मोहनदा भेटला. माझं तोंड बघून त्याला कळलं. वर गेला नाही. तिथूनच बसस्टॉपकडे वळला.

२ डिसें., मंगळवार

फोन नाही. मी केला तर उचलत नाही. भाचीने उचलला एकदा: "आई ठीक आहे मामा. गात नाहीये."

मोहनदाचा फोन. "आज मंगळवार मां? बोलावणा नाय." मग, "तिका म्हण, माझा चुकला." मी म्हटलं तूच सांग. "माझ्याशी बोलतली तर ना."

खरं बोलून मी काय मिळवलं? तीस वर्षांची मंगळवारची बैठक मोडली आणि वर रचना पण गेली. अक्कल विकत घ्यायची तर एवढी महाग?

४ डिसें.

आयोजकांचा फोन, जाहिरातीत ताईचा फोटो कुठला टाकायचा. "पाठवतो" म्हणालो. दुसरी गायिका बघू का असं नीताने विचारलं. बघणार नाही. ती नसेल तर हे वाजणार नाही.

७ डिसें., रविवार

आली!

परळला आम्ही चौघांचे भाग घासत बसलो होतो. दार उघडून आत, भाचीला बाहेर थांबवून. कोणाला नमस्कार नाही. फ्रेडीला म्हणाली, "तुमचा तो ए वाजवा बघू." त्याने वाजवला. तिने सा लावला, वर चढली, पंचमापुढे थांबली. घोट घेतला. "आता जी." लावला. थोडा वेळ तिथेच राहिली, डोळे मिटून. मग वर न जाता खाली गेली. मंद्रात. पंचम, मध्यम, आणखी खाली. तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. जाड, थोडा खरखरीत, घरातल्या मोठ्या माणसाचा.

"हे आहे माझ्याकडे," मला म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना मेलं वरचंच ऐकायचं असतं. मलाही. हे लिही."

आठवडा उरलाय. लिहितो म्हणालो. मी रडलो, फ्रेडीने रुमाल दिला, तो रोझिनचा, गजाला लावायच्या राळेचा होता, हात चिकट झाले.

मोहनदाबद्दल विचारलं. "ते माझं मी बघीन."

११ डिसें.

मंद्राचा भाग झाला. चेलो तिच्यासोबत नाही, तिच्या वर. उलटं आहे सगळं आणि बरं वाटतंय. गंधार ठेवलाय, पण लहान. "दम लागतो रे," ती आपणहून म्हणाली. ताई! दम लागतो! म्हणाली!

मंगळवारीही मोहनदाला बोलावणं नव्हतंच. काळाचौकीला फोन केला, "बाय बरी आसा मां?" एवढंच विचारलं त्याने.

१४ डिसें., रविवार

मेकअपच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितोय.

तासाभरापूर्वी ताईने हाक मारली. आरशासमोर बसलेली, गजरा हातातच. "नंदू, मला भीती वाटतेय." हे तिच्या तोंडून पहिल्यांदा. "सकाळपासून आवाज खाली आहे. पांढरी पाच नको. काळी तीन होईल?"

म्हणजे अजून अर्धा स्वर खाली! एका तासात! सगळे कागद जी मध्ये छापलेले! मी विचारलं, नक्की काळी तीन?

"मोहनला फोन केला सकाळी. त्याला फोनवर सा लावून दाखवला. म्हटलं, आज खरं सांग, कुठे आहे? परत एकदा लावायला सांगितला. मग म्हणाला, काळी तीन, बाय." गजरा माळायला माझ्याकडे दिला. "होईल ना?"

फ्रेडीला सांगितलं. आधी चेहरा पडला, मग शिवी, मग हसला. "कागद राहू दे. तारा उतरवू." चौघेही कोपऱ्यात खुंट्या पिळत बसलेत. सैल केलेल्या तारा मध्येच सरकतात, इतका वेळ टिकतील का, कोणालाच माहीत नाही. व्हिओलावाली मुलगी देवाचं नाव घेतेय.

मोहनदा आलाय की नाही, पडद्यातून दिसलं नाही. पास ताईने परस्पर पाठवला म्हणे.

दुसरी घंटा झाली. ताई आत खालचा सा लावून बघतेय. हळू, पण लागतोय.